गल्लीतल्या भिंतींवरचे डोळे

माघ सरत आला की वारा दिशा बदलतो. बेळगावात ते कळत नाही. पण शनिवारची शाळा आटपून मी निपाणीची बस धरते, काकती मागे पडते, संकेश्वर जातं, आणि तवंदीचा घाट उतरू लागलो की बसमधली माणसं न बोलता एकेक खिडकी ओढून घेतात. बायका पदर नाकाला लावतात. तरी फटीतून तो आत येतोच. तंबाखूचा खकाणा. आधी नाकाला झोंबतो, मग घशात जाऊन बसतो, आणि मग मला माझ्या आक्काचा खोकला ऐकू येतो. आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. खोकला मात्र दर हंगामाला वेळेवर येतो.

माझ्या शाळेतले एक सहकारी म्हणतात, "तुमच्या निपाणीचा वास म्हणजे लक्ष्मीचा वास." त्यांनी तो रस्त्यावरून घेतलाय. वखारीच्या आत त्यांनी एकदा उभं राहावं. तिथे भर उन्हाळ्यात दारं लावून घेतात, कारण वारा आत आला तर भुकटी उडून जाते आणि भुकटीला भाव असतो. बायकांच्या छातीत किती भुकटी गेली ते कुठल्याच तराजूवर येत नाही. माझी आक्का कमळ लग्नाआधीही तंबाखू चाळायला चाळणीवर बसायची, नवऱ्याने टाकून दिल्यावर परत येऊन तिथेच बसली. संध्याकाळी घरी आली की तिच्या पापण्यांवर पिवळट थर असायचा. ती तोंड धुवायची तेव्हा पाणी चहासारखं व्हायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. गल्लीतल्या सगळ्याच मोऱ्यांतून तसलं पाणी वाहायचं.

आप्पा छापखान्यात यंत्रावर होते. बिघडलेली, शाई पसरलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि आई ती भिंतीला चिकटवायची, पोपडे झाकायला. मी वाचायला शिकले ती त्या भिंतीवर. जयंतीच्या मिरवणुकीचं पत्रक, विडी कामगारांच्या मजुरीचं पत्रक, सीमाभागाच्या मोर्चाचं पत्रक. 'जागे व्हा', 'उठा', 'किती दिवस सोसणार' ही वाक्यं मला गोष्टीतल्या कावळ्या-चिमणीच्या आधी पाठ झाली. त्यामुळे असेल, मला अजूनही हळू आवाजात लिहिता येत नाही.

आक्का आजारी पडली त्या हंगामात मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सत्तरचं दशक संपायला आलं होतं. आमच्या गल्लीत तेव्हा वीज नव्हती, नळ नव्हता, पण प्रत्येक घरात फोटो होते. बाहेरच्या माणसाला ते पाहून आश्चर्य वाटायचं. जवळ जाऊन पाहिलं की त्याच्या लक्षात यायचं, की हे सगळे फोटो मेलेल्या माणसांचे आहेत. मेल्यानंतर काढलेले.

जितेपणी फोटो काढायची आमच्यात रीत नव्हती. एक तर फोटोमुळे आयुष्य उतरतं अशी समजूत, आणि दुसरं म्हणजे फोटो काढावा असं जितेपणी घडतच काय होतं. माणूस गेलं की मात्र पहिला निरोप नातेवाइकांना आणि दुसरा फोटोवाल्या शंकरअण्णाला. तरुण मंडळाची लोखंडी खुर्ची अंगणात यायची. मयताला आंघोळ घालून, नवं लुगडं-धोतर नेसवून तीत बसवायचं, मागून ओढणीने खांदे खुर्चीला बांधायचे, आणि घरची माणसं दोन्ही बाजूंना, फोटोत येणार नाहीत अशी, उभी राहायची. जायच्या आधी निदान एक खूण मागे राहावी म्हणून.

शंकरअण्णाचा कॅमेरा त्या पंचक्रोशीत दुसरा कुणाकडे नव्हता. काळा, उभट, डब्यासारखा, आणि त्याला तोंडावर एकाखाली एक अशी दोन भिंगं. तो फ्रान्सचा आहे, गोव्याहून मायदेशी निघालेल्या एका पाद्र्याकडून आपल्या वडिलांनी घेतला, असं अण्णा सांगायचा. भिंगांभोवती बारीक अक्षरं कोरलेली होती. सगळ्या भिंती वाचून काढलेली मी, पण ती अक्षरं ओळखीची वाटूनही मला वाचता यायची नाहीत, याचा राग यायचा. कॅमेऱ्याचं वरचं झाकण उघडलं की पत्र्याच्या चार इवल्या भिंती उभ्या राहत आणि तळाशी काच दिसे. वरच्या भिंगातलं चित्र त्या काचेवर पडायचं. अण्णा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून त्या काचेत बघायचा. एकदा त्याने मला बघू दिलं होतं. काचेत सगळं उलटं होतं, डावीकडचा लिंब उजवीकडे. "वरचं भिंग नुसतं बघतंय," अण्णा म्हणाला, "फोटो खालचं घेतंय." वखारीच्या मालकाचंही असंच असावं, असं मला तेव्हा वाटलं. दारात उभा राहून बघणारा निराळा, आणि बाईच्या अंगातलं काढून घेणारा निराळा.

पण माझ्या मनात राहून गेली ती त्याची मान. गावातली माणसं आमच्या गल्लीत आली तर नाकासमोर बघत, काम आटपून निघून जात. शंकरअण्णा हा गावातला एकच माणूस आमच्यापुढे मान खाली घालून उभा राहायचा, आणि तेही आम्ही मेल्यावर.

फोटो धुऊन, मोठे करून यायचे बेळगावहून. अनगोळात परशुराम पेंटर म्हणून एक कारागीर होते. अण्णा त्यांच्याकडे फिल्म आणि चिठ्ठी पाठवायचा. पेंटर चित्रातून मयताचं मुंडकं आणि खांदे तेवढे मोठे करायचे, खुर्ची आणि ओढणी पुसून टाकायचे, आणि मिटलेल्या पापण्यांवर ब्रशने उघडे डोळे काढायचे. गोल, टपोरे, उजवीकडे जरासे वळलेले, बुबुळात एक पांढरा ठिपका. आमच्या शांतामावशीला तेच डोळे, तालमीतल्या दगडूआबाला तेच, कावीळ होऊन गेलेल्या शेजारच्या पोरीलाही तेच. गल्लीतल्या सगळ्या भिंतींवरून डोळ्यांची एकच जोडी बघत असायची. लहानपणी मला वाटायचं, मेलं की माणसाला नवे डोळे मिळतात.

त्या फाल्गुनात आक्काच्या थुंकीत रक्त दिसलं. तिने ते दोन दिवस लपवलं आणि तिसऱ्या दिवशी जेवताना, भाकरी मोडता मोडता म्हणाली,

"आप्पा, शंकरअण्णाला बोलवा. माझा फोटो काढायचा हाय."

आईच्या हातातलं उलथनं थांबलं. "काय बोलतीस गं? तोंडाला काय हाड हाय का न्हाय?"

"हाय की. आता हाडंच उरल्यात. म्हणून तर म्हंते, काढून घेऊ."

"आयुष्य उतरतंय त्यानं."

"आणखी कुठपतूर उतरायचं ऱ्हायलंय?" आक्का हसली. हसली की तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त बारीक व्हायचा. जन्मापासूनच त्याची पापणी थोडी खाली होती. त्यावरून सासरी तिला फार बोलणी बसली होती. "मला त्या पेंटरचं डोळं नगंत, आय. शांतामावशीचं डोळं लावून मी भिंतीवर बसणार न्हाय. माझं हाईत तसं पायजेत."

आई चुलीपुढून उठून गेली. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना आप्पा शंकरअण्णाला घेऊन आले.

अण्णा अंगणात आला आणि सवयीने विचारून बसला, "खुर्ची कुठं हाय?"

"ती मयताची खुर्ची हाय," आक्का म्हणाली. "मी उभी ऱ्हाणार. मेलेलं माणूस उभं ऱ्हाईल का, सांग बघू?"

"दम लागतोय तुला. बस की गपगुमान."

"लागू दे. माझा दम हाय न्हवं?"

ती लिंबाच्या खोडाजवळ उभी राहिली, पण खोडाला टेकली नाही. वखारीत नेसायचं लुगडंच तिने नेसलं होतं. आईने ट्रंकेतलं चांगलं काढून ठेवलं होतं, त्याला हात लावला नाही. बोटं तपकिरी झाली होती, ती लपवली नाहीत. गल्लीतल्या बाया उंबऱ्यांत येऊन उभ्या राहिल्या, पोरांना आत ओढत, जणू जवळ कुठे साप निघालाय. अण्णाने झाकण उघडलं, मान खाली घातली. उजेड उतरणीला लागला होता. काचेतलं उलटं चित्र जुळवत तो थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे सरकत राहिला, आणि मग बराच वेळ नुसताच थांबला.

"काय झालं?" आक्का म्हणाली. "मान वर कर की अण्णा. जित्या माणसाकडं बघायला लाजतोस व्हय?"

बाया हसल्या. अण्णाने मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. "हलू नको," तो म्हणाला, पण ते शब्द अडखळत आले. आमच्या गल्लीत येऊन 'हलू नका' म्हणायची त्याला सवयच राहिली नव्हती.

आणि नेमका तेव्हा तिला खोकला आला. उकळी यावी तसा छातीतून वर चढत होता, ते आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. आक्काने ओठ घट्ट मिटले, नाकपुड्या फुलल्या, गळ्याची शीर ताठ झाली. तिने श्वास कोंडून धरला. अण्णाचं बोट हललं. चिमणीने दाणा टिपावा एवढाच आवाज झाला. मग आक्का गुडघ्यावर बसली आणि खोकत राहिली. आई धावत आली, तिच्या पाठीवर हात फिरवत अण्णाला म्हणाली, "झालं का समाधान तुमचं?"

अण्णा कॅमेऱ्याची मूठ फिरवून फिल्म पुढे सरकवत राहिला.

फोटो आला तेव्हा हंगाम भरात होता. अण्णा वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट घेऊन स्वतः आला. आक्काने घाईने कागद फाडला. आतून खांद्यापर्यंतची एक बाई निघाली. लिंब नव्हता, तपकिरी बोटं नव्हती, गळ्याची शीर नव्हती. गाल भरलेले. आणि डोळे गोल, टपोरे, उजवीकडे जरासे वळलेले, बुबुळात पांढरा ठिपका.

आक्काने फोटो उंच धरला. "आय, ही कोण गं? शांतामावशीची भण दिसतीया."

शंकरअण्णाचं तोंड उतरलं. "चिठ्ठीत मी नुसतं गल्लीचं नाव घातलतं," तो म्हणाला. "नेहमीसारखं. जित्ती हाय म्हणून लिवायचं सुचलंच न्हाय बघ." फिल्म अजून पेंटरकडेच आहे, एवढं मात्र त्याने सांगितलं.

चूक कुणाची, असं मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. अण्णाने जे नेहमी लिहिलं तेच लिहिलं. पेंटरने जे नेहमी केलं तेच केलं. आमच्या गल्लीचं नाव वाचलं की माणूस मेलेलंच असणार, हे सगळ्यांनी इतक्या सहज धरून चाललेलं होतं, की त्यात कुणी कुणाचा द्वेष करण्याचीही गरज नव्हती. आम्ही पत्रकांत 'अन्याय' लिहितो तेव्हा डोळ्यांसमोर काठी येते, बंदूक येते. मला मात्र तो शब्द लिहिताना एका ब्रशचं बारीक टोक दिसतं, सवयीने फिरणारं.

पुढच्या आठवड्यात आक्काला बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं होतं. डॉक्टरांनी कानडीत काही विचारलं, आक्काने कानडीतच उत्तर दिलं. ते म्हणाले, धुळीचं काम सोडा, दूध-अंडी खा, हवेशीर राहा. आक्काने मान डोलावली. बाहेर येऊन मला म्हणाली, "हवेशीर म्हणजे कुठं गं, सुमे? आपल्या गावात हाय का तसलं काय?" मग म्हणाली, "चल, अनगोळाला."

पेंटरचं दुकान एका बोळात होतं. पेंटर म्हातारे होते, जाड चष्म्याचे, बोटांना शाई. आक्काने पिशवीतून फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला, स्वतःचं काम ओळखलं आणि सभ्यपणे विचारलं,

"कधी वारल्या या?"

"अजून न्हाय," आक्का म्हणाली. "तुम्हीच लई घाई केलासा."

त्यांनी चष्मा कपाळावर घेतला. आक्काकडे बघितलं, फोटोकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं, जणू मी काही सोडवून सांगेन. "तुमच्या त्या गल्लीतनं," ते म्हणाले, "जिवंत माणसाचा फोटो माझ्याकडं कधी आलाच न्हाई हो. खोल गेलेले डोळे, पापणी उतरलेली... मला वाटलं..."

"तुमाला वाटलं ते फार चुकीचं न्हाय, काका. पर अजून माझं डोळं माझ्याच ताब्यात हाईत. तेवढं परत द्या."

पेंटरनी चष्मा परत नाकावर घेतला. मग त्यांनी सांगितलं, फिल्म शाबूत आहे, साधी प्रत काढून देतो, पण बाई, साधी बघवायची नाही तुम्हाला. तिघा-चौघांनी अशा प्रती मागून परत केल्यात. आक्का दारातल्या पायरीवर बसली. "बघवंल," ती म्हणाली. "मी रोज वागवते ते तोंड."

ओली प्रत तिने दोन्ही हातांनी धरली. त्यात लिंब होता, आणि त्याच्या बाजूला, त्याला न टेकता, एक काळी, हडकुळी बाई उभी होती. ओठ मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या, गळ्याची शीर ताठ. डावी पापणी खाली. आणि डोळे थेट समोर, राग आल्यासारखे. मला रडू फुटलं. आक्काने बराच वेळ बघून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "व्हय. हीच."

बसमध्ये मी तिला म्हटलं, आक्का, हा फोटो पत्रकावर छापू. वर लिहू, तंबाखूने हे केलं. निपाणीत वाटू, बोरगावपर्यंत पोचवू. आप्पांना सांगून छपाईचा ठसा करून घेऊ. माझ्या डोक्यात मथळेसुद्धा तयार होते.

"न्हाय," ती म्हणाली.

"का? लोकांना कळू दे की."

"लोकास्नी कळतंय सगळं. वखारीत माझ्या शेजारी बसणारीला कळत न्हाय व्हय? मी फोटो काढला ते मला मी पायजे म्हणून. तू त्याचं हँडबिल केलंस तर सुमे, लोक मला न्हाय बघणार, माझा रोग बघतील. पत्रक लिही. लई जोरात लिही. माझं तोंड मला ठेव."

मी पत्रक लिहिलं. फोटो छापला नाही. आजही छापलेला नाही. ज्यांना दारिद्र्याचे फोटो बघून हळहळायला आवडतं, त्यांना तो मी दाखवत नाही. बेळगावात आता रंगीत फोटोंची दुकानं झालीत, आणि त्यांतल्या एकाच्या काचेच्या कपाटात दोन भिंगांचा तसाच काळा कॅमेरा शोभेला ठेवलाय. गिऱ्हाइकं म्हणतात, किती सुंदर वस्तू आहे. असेल. मी त्या कपाटापुढे फार वेळ थांबत नाही.

घरी दोन फोटो झाले आणि आई-आक्काचं भांडण सुरू झालं, तोंडाने नव्हे. आक्काने साधा फोटो पत्रकांच्या भिंतीवर, दारासमोर लावला. सकाळी ती वखारीत गेली की आई तो उतरवायची आणि पेंटरचा लावायची. संध्याकाळी आक्का आली की पेंटरचा उतरायचा. आईला मी एकदा विचारलं. "त्यात ती बरी दिसतीया," आई म्हणाली. "दिवसभर तेवढंच बघते. संध्याकाळी खरी येतीयाच की घरला." पत्रकांच्या कुठल्याही भाषेत त्याचं उत्तर नव्हतं.

मग आक्काचं वखारीत जाणं बंद झालं. मग उठणंही. ती खाटेवर पडून राहिली आणि भिंतीवर पेंटरची बाई आपल्या गोल डोळ्यांनी तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिली. मी फोटो बदलायला गेले तेव्हा आक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आयला तेवढंच." आवाजात हार नव्हती. तिला फक्त थकवा आला होता. तरी त्या रात्रीपासून मला नीट झोप नाही. तिने मागितलेली एकच गोष्ट, तीही तिच्या डोळ्यांदेखत तिच्या हातून निसटत होती, आणि काढून घेणारी तिची आईच होती, प्रेमाने.

हंगाम संपून वखारींना कुलपं लागायच्या सुमाराला आक्का गेली. कुणीतरी रीतीप्रमाणे शंकरअण्णाला सांगितलं आणि तो कॅमेरा गळ्यात घालून आला. आई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "तिचा काढलाय तुम्ही. आता नगं." तो परत गेला.

आक्का गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला विहारातली माणसं आली, वंदना झाली. कराडहून आलेल्या मामांनी झेंडूचा दाट हार आणला होता. ते भिंतीकडे वळले आणि थांबले. पेंटरचा फोटो तिथे नव्हता. आईने पहाटेच, आम्ही उठायच्या आत, साधा फोटो लावला होता. खाली मेणबत्ती होती. मामा त्या तोंडाकडे बघून जरा कचरले, मग हार घालायला हात वर केला. आईने मधेच त्यांचं मनगट धरलं.

"हार नगं, दादा," ती म्हणाली. "पोर केवढा दम धरून उभी हाय. त्यात आणि भार कशाला."